बफेलो : ओस गल्ल्यांत वसलेला मोहल्ला

नायगारा धबधबा पाहायला जाणारे आपले अनेक लोक बफेलोच्या विमानतळावर उतरतात, गाडीत बसतात आणि थेट धबधबा गाठतात. बफेलो शहर मागेच राहते. न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम टोकाला, ईरी सरोवराच्या काठी, कॅनडाच्या सीमेला लागून असलेले हे शहर पाहण्याचे मलाही काही कारण नव्हते. पण माझी धाकटी बहीण चौदा वर्षे न्यूयॉर्क शहरात काढून नवरा आणि दोन मुलांसह तिथे राहायला गेली. गेल्या वर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरचे सहा आठवडे मी तिच्याकडे होते. तिथे जे पाहिले आणि ऐकले ते वाचकांसमोर ठेवते आहे. मुंबईत घर परवडत नाही आणि गावी पोटापाण्याची सोय नाही, अशा पेचात आपल्यातली कितीतरी कुटुंबे आहेत. त्यांना ही हकिगत परकी वाटणार नाही.

क्वीन्स का सोडले?

बहिणीचे घर क्वीन्समधल्या जॅक्सन हाइट्स भागात होते. तिथे दाराबाहेर पडले की हलाल गोश्त, कोथिंबीर, शेवया, सलवार-कमीजचे कापड, सगळे चालत जाऊन मिळते. मशीद जवळ, मुलांची शाळा जवळ. मेव्हणे भाड्याची टॅक्सी चालवत. एका बेडरूमच्या घरात चौघे राहत आणि कमाईचा निम्म्याहून जास्त भाग भाड्यात जाई. दर नव्या कराराला भाडे वाढे. बँकेचे कर्ज काढावे तर व्याज आले, आणि व्याजाच्या पैशाने घर घ्यायचे नाही हे मेव्हण्यांनी पहिल्यापासून ठरवलेले. रोख पैसे देऊन न्यूयॉर्कमध्ये घर घेणे टॅक्सीवाल्याला उभ्या आयुष्यात शक्य नाही.

त्यांच्याबरोबर टॅक्सी चालवणारे बांगलादेशी मित्र एकेक करून बफेलोला जाऊ लागले. एकाने घर घेतले, मग भावाला बोलावले, भावाने मेव्हण्याला. जुम्याच्या नमाजनंतर मशिदीबाहेर त्याच गोष्टी निघत. नगरपालिकेच्या लिलावात काही हजार डॉलरला अख्खे घर मिळते, हे ऐकून मेव्हण्यांना आधी थट्टाच वाटली. मग एका रविवारी ते स्वतः जाऊन आले. 2015 मध्ये साठवलेले पैसे आणि दोन मित्रांनी दिलेले कर्ज-ए-हसना एकत्र करून त्यांनी अठरा हजार डॉलरला दुमजली लाकडी घर घेतले. दुरुस्तीला त्याहून जास्त लागले. पण कागदावर त्यांचे नाव होते आणि बँकेचे एका पैचेही देणे नव्हते.

आठ तासांचा रेल्वेप्रवास

न्यूयॉर्कहून बफेलो सुमारे 600 किलोमीटर. मी रेल्वेने गेले. आठ तास लागतात, पण खिडकीची जागा मिळाली तर वेळ कसा जातो कळत नाही. पहिले दोन-अडीच तास हडसन नदी अगदी रुळांना लागून वाहते. ऑल्बनीनंतर गाडी पश्चिमेला वळते आणि मोहॉक नदीच्या खोऱ्यातून युटिका, सिरॅक्यूज, रोचेस्टर अशी शहरे घेत जाते. या सगळ्या शहरांची कहाणी थोडीफार सारखी आहे. कारखाने होते तेव्हा भरभराट, कारखाने गेले तेव्हा ओसाडी. युटिकाला तर 1990च्या दशकात बोस्नियातल्या युद्धातून वाचलेले हजारो मुसलमान येऊन राहिले. पडकी घरे त्यांनी आपल्या हातांनी उभी केली आणि नगरपालिकेच्या इमारतीशेजारचे एक जुने चर्च घेऊन त्याची मशीद केली. बफेलोत पुढे जे पाहिले त्याची ही जणू तोंडओळख होती.

शहर मोठे कसे झाले, रिकामे कसे झाले

1825 मध्ये ईरी कालवा खुला झाला. ऑल्बनीपासून बफेलोपर्यंत सुमारे 584 किलोमीटरचा हा कालवा म्हणजे अमेरिकेच्या आतल्या भागातून समुद्राकडे जाणारा जलमार्ग. पश्चिमेकडचा गहू सरोवरातून जहाजाने बफेलोला यायचा, तिथे उतरायचा आणि कालव्यातल्या होड्यांत चढायचा. 1840च्या दशकात वाफेवर चालणारे धान्याचे उंच कोठार याच शहरात पहिल्यांदा उभे राहिले. त्या वंशातली काँक्रीटची प्रचंड कोठारे आजही नदीकाठी आहेत. बरीचशी रिकामी आहेत, पण त्यांच्या सावलीत उभे राहिले की माणूस मुंगीएवढा वाटतो.

नायगाऱ्याची वीज आली, रेल्वे आली, शेजारच्या लॅकवाना गावात पोलादाचा अवाढव्य कारखाना आला. 1900 साली बफेलो अमेरिकेतले आठव्या क्रमांकाचे शहर होते. लॅकवानाच्या पोलाद कारखान्यात भर काळात वीस हजारांहून जास्त माणसे कामाला होती. त्यांत येमेनी मुसलमानही होते. त्यांच्या मुला-नातवंडांची वस्ती आणि मशीद आजही तिथे आहे. म्हणजे या भागात अजान नवी नाही.

मग उतार लागला. 1959 मध्ये सेंट लॉरेन्स नदीतून मोठ्या जहाजांना थेट समुद्राचा मार्ग मिळाला आणि बफेलोला थांबण्याची गरज उरली नाही. 1983 मध्ये लॅकवानाच्या कारखान्यातले पोलाद बनवण्याचे बहुतेक काम बंद झाले. 1950 साली शहरात 5,80,132 माणसे होती, 2010 साली 2,61,310 उरली. निम्म्याहून जास्त शहर उठून गेले! आपल्याकडे गिरणगावात कारखाने गेले तरी माणसे दाटीने राहिली. इथे माणसेच गेली आणि घरे मागे राहिली. ज्यांनी घरपट्टी भरली नाही त्यांची घरे नगरपालिका दरवर्षी लिलावात काढी, आणि घ्यायला कोणी आले नाही तर ती तशीच कुजत. शेवटी 2007 मध्ये पाच वर्षांत पाच हजार रिकामी घरे पाडण्याची योजना नगरपालिकेने जाहीर केली.

2020च्या जनगणनेत मात्र आकडा 2,78,349 झाला. सत्तर वर्षांत पहिल्यांदा लोकसंख्या वाढली. म्यानमार, सोमालिया, इराक, काँगो इथून आलेले निर्वासित आणि न्यूयॉर्क शहरातून आलेली बांगलादेशी कुटुंबे यांचा त्यात मोठा वाटा आहे.

घर घेतले, पण कसे!

शहराच्या पूर्व भागात, ब्रॉडवे आणि फिलमोर रस्त्यांच्या आसपास, बांगलादेशी वस्ती दाट आहे. पूर्वी हा पोलिश लोकांचा मोहल्ला होता. 1888 पासूनचा ब्रॉडवे बाजार अजून उभा आहे आणि ईस्टरच्या दिवसांत बाहेरगावी गेलेली पोलिश कुटुंबे तिथे खरेदीला आवर्जून येतात. जवळच 1929 मध्ये बांधलेले भव्य रेल्वे टर्मिनल आहे. तिथे 1979 नंतर गाडी आलेली नाही.

इथली घरे लाकडी, अरुंद आणि लांबोडी. खाली एक बिऱ्हाड, वर एक बिऱ्हाड. खाली आपण राहायचे आणि वरचा मजला भाड्याने द्यायचा, हा हिशेब नव्याने आलेल्या बहुतेकांचा असतो. पण लिलावाचे घर आधी आतून पाहता येत नाही. बाहेरून भिंती, छप्पर पाहायचे आणि बोली लावायची. बहिणीच्या घराचे कुलूप उघडले तेव्हा तळघरातले तांब्याचे पाइप कोणीतरी कापून नेलेले, उरलेले थंडीने फुटलेले, छताला भोक आणि एका खोलीत कबुतरे. शिवाय ही घरे 80-100 वर्षांची. जुन्या रंगात शिसे असते आणि ते लहान मुलांच्या मेंदूला घातक ठरते. अमेरिकेत घरांसाठी असा रंग 1978 पासून बंद आहे, पण जुने थर भिंतींवर आणि खिडक्यांवर तसेच असतात. मेव्हण्यांनी सगळ्या खिडक्या बदलल्या आणि ते काम होईपर्यंत मुलांना घरात आणले नाही. खर्च त्यातच वाढला.

दुरुस्ती मित्रांच्या हातांनी झाली. एकाला वायरिंग येई, दुसऱ्याला प्लंबिंग. आज तुझ्या घरी, पुढच्या रविवारी माझ्या घरी. बायका डेग चढवत. बहीण म्हणते, "आपा, त्या सहा महिन्यांत मी जेवढी खिचडी केली तेवढी लग्नाच्या वीस वर्षांत केली नसेल."

आज त्या गल्लीत घरांमधल्या मोकळ्या जागांवर मांडव आहेत. पाडलेल्या घरांची ही रिकामी जागा. त्या मांडवांवर दुधी, दोडका, घेवडा लोंबतो. मी गेले तेव्हा हंगाम संपत आला होता, तरी रोज कोणी ना कोणी दुधी आणून दारात ठेवी.

चर्चच्या इमारतीत मदरसा

पोलिश लोक उपनगरांत गेले तेव्हा त्यांची मोठमोठी चर्चेही रिकामी पडली. सोबिएस्की रस्त्यावरचे एक भव्य पोलिश कॅथेड्रल आज मशीद झकरिया आहे आणि तिथेच दारुल उलूम अल मदानिया हा मदरसा चालतो. 1990च्या दशकात तो सुरू झाला. हाफिज आणि आलिम होण्यासाठी अमेरिकेच्या इतर शहरांतूनही मुले येतात. अनेक कुटुंबे आधी मुलाला या मदरशात पाठवण्यासाठी आली आणि मग घरे पाहू लागली. जेनेसी रस्त्यावरच्या एका जुन्या चर्चमध्ये जामी मशीद आहे.

ज्यांच्या आजी-आजोबांचे निकाह, म्हणजे त्यांच्या भाषेत लग्ने, या इमारतींत लागली, त्यांतल्या काहींना हा बदल जड गेला. ते स्वाभाविक आहे. आपल्या गावची मशीद ओस पडली तर आपल्याला काय वाटेल? पण या इमारतींचा दुसरा पर्याय बुलडोझर हाच होता. जुम्याच्या दिवशी त्या उंच छताखाली सफा भरलेल्या पाहिल्या, तेव्हा अल्लाहच्या नावासाठी बांधलेली जागा पुन्हा त्याच कामी आली, एवढेच माझ्या मनात आले.

जे आधीपासून होते

एक गोष्ट मात्र बफेलोच्या कौतुकात हमखास राहून जाते. "ओसाड भाग वसवला" असे आपण सहज म्हणतो. पण तो भाग पूर्ण ओसाड कधीच नव्हता. पोलिश लोक गेले तेव्हा कृष्णवर्णीय कुटुंबे तिथे होती, आणि ती आजही आहेत.

मेन स्ट्रीट हा रस्ता शहराचे दोन भाग करतो. पूर्वेला मुख्यतः कृष्णवर्णीय, पश्चिमेला मुख्यतः गोरे. हे आपोआप घडले नाही. 1930च्या दशकात कर्जासाठी जे नकाशे बनले त्यांत कृष्णवर्णीयांच्या वस्त्या धोक्याच्या म्हणून लाल रंगवल्या गेल्या. तिथे घरासाठी कर्ज मिळेना, म्हणून घरांची किंमत वाढेना. 1960च्या दशकात हम्बोल्ट पार्कवे नावाचा, दुतर्फा झाडांचा सुंदर रस्ता खोदून तिथून द्रुतगती महामार्ग नेला आणि वस्ती मधोमध चिरली. आणि 14 मे 2022 रोजी याच पूर्व भागातल्या जेफरसन रस्त्यावरच्या सुपरमार्केटमध्ये एका गोऱ्या वंशवादी तरुणाने दहा कृष्णवर्णीयांना गोळ्या घालून मारले. त्या वस्तीतले ते एकमेव मोठे किराणा दुकान होते. शनिवारच्या बाजाराला आलेली माणसे ती.

म्हणजे माझ्या मेव्हण्यांना अठरा हजारांत घर मिळाले, त्यामागे कोणाला तरी पन्नास वर्षे न मिळालेले कर्ज होते. हे मला सांगितले ते बहिणीच्या शेजारच्या आजींनी. त्या चाळीस वर्षांहून जास्त काळ त्या गल्लीत राहतात. आजूबाजूची सात घरे एकामागून एक रिकामी होऊन पडली तरी त्यांनी आपले घर सोडले नाही. रिकाम्या घरांसमोरचा बर्फसुद्धा त्या काढत, म्हणजे गल्लीत माणसे राहतात हे चोरांना कळावे. बहिणीच्या पहिल्या हिवाळ्यात, कडाक्याची थंडी पडणार म्हणून दार ठोठावून त्यांनी सांगितले, "आज रात्री नळ बारीक धारेने चालू ठेव, नाहीतर पाइप फुटतील." बहिणीचे इंग्रजी तेव्हा कच्चे. आजींनी आत येऊन स्वतः नळ सोडला आणि धार दाखवली.

डिसेंबर 2022च्या बर्फवादळात बफेलो आणि परिसरात चाळीसहून जास्त माणसे दगावली. कित्येक जण गाडीत अडकून किंवा वीज गेलेल्या घरात गारठून गेले. त्या रात्री आजींच्या घरची वीज गेली. मेव्हणे आणि समोरच्या बांगलादेशी भाईंनी कमरेएवढ्या बर्फातून वाट काढून त्यांना घरी आणले. तीन दिवस त्या बहिणीकडे होत्या. मुलांनी त्यांना लुडो शिकवला.

पण सगळीकडे असे नाही. नवे लोक आपल्यातच राहतात, शेजाऱ्याला सलाम नाही की हॅलो नाही, अशी तक्रार मी जुन्या रहिवाशांकडून ऐकली. काही जण चार-पाच घरे घेऊन भाड्याने देतात आणि दुरुस्तीकडे पाहत नाहीत, अशीही. क्वीन्समध्ये ज्या घरमालकांना आपण नावे ठेवत होतो, तसेच आपण इथे झालो तर? हा प्रश्न मेव्हण्यांनी स्वतःच एका रात्री दस्तरखानावर काढला. कोणी लगेच उत्तर दिले नाही.

स्वस्ताई किती दिवसांची?

ज्या गल्ल्यांत दहा-वीस हजारांत घर मिळे तिथे आता लाख-दीड लाख डॉलर सांगतात. माणसे आली, दुकाने उघडली, दिवे लागले, म्हणून किंमत वाढली. ही वाढ ज्याच्याकडे घर आहे त्याला बरी, पण भाडेकरूला जाचक. आजींची नात भाड्याने घर शोधत होती आणि जन्मल्या गल्लीत तिला ते परवडत नव्हते. शिवाय घराची किंमत वाढली की घरपट्टीही वाढण्याची धास्ती असते. पेन्शनवर जगणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला ती पुरवता येईल का? आणि क्वीन्सहून आज नव्याने येणाऱ्या टॅक्सीवाल्यालाही रोखीने घर घेणे अवघड झाले आहे. ज्या कारणासाठी लोक आले ते कारणच हळूहळू संपते आहे.

फायदेही आहेत. शहराच्या सरकारी शाळांतून उत्तीर्ण होणाऱ्या मुलांच्या कॉलेजच्या फीला मदत करणारी 'से येस बफेलो' ही शिष्यवृत्ती आहे. भाची यंदा बारावीला आहे आणि तिचा सगळा हिशेब त्यावर आहे. पण पगार न्यूयॉर्कपेक्षा कमी. मेव्हणे गोदामात रात्रपाळी करतात. वर्षाला सरासरी आठ फूट बर्फ पडतो. गाडी नसेल तर पाय तोडल्यासारखे होते. बहीण म्हणते, "आपा, पहिला हिवाळा मी रडून काढला. क्वीन्सला दिवसातून चारदा बाहेर पडायचे. इथे खिडकीतून फक्त पांढरे दिसायचे." अडतिसाव्या वर्षी ती गाडी शिकली, दोनदा परीक्षेत नापास झाली, तिसऱ्यांदा पास झाली. आता गल्लीतल्या तीन बायकांना तीच शिकवते.

निघण्याआधी

मुंबईहून महाड, खेड, सोलापूर किंवा दुसरीकडे कुठे जाण्याचा विचार करणाऱ्यांना मेव्हणे-बहिणीच्या दहा वर्षांतून काही सांगता येईल. घराची किंमत आणि दुरुस्ती मिळून हिशेब करा, नुसत्या किमतीला भुलू नका. शहर त्याच्या सर्वांत वाईट ऋतूत पाहा, तिथला हिवाळा किंवा आपल्याकडचा पूर आणि पाणीटंचाई. कमाईची सोय आधी लावा, कारण स्वस्त घरात बसून पोट भरत नाही. घरातली बाई दिवसभर कुठे जाईल, कोणाशी बोलेल, हे तिलाच विचारा. आणि तिथे आधीपासून कोण राहते ते जाणून घ्या. अरबीत म्हण आहे, घराआधी शेजारी पाहावा. शेजाऱ्याचा हक्क आपल्या दीनमध्ये किती मोठा आहे हे या मासिकाच्या वाचकांना सांगायला नको, आणि शेजारी आपल्या जातीधर्माचा असावा अशी अट त्याला नाही.

मी निघण्याच्या आठवड्यात क्वीन्सहून एक तरुण जोडपे मुलासह घर पाहायला आले होते. मेव्हण्यांनी त्यांना विकाऊ घरे दाखवण्याआधी आजींच्या अंगणात नेले आणि ओळख करून दिली. आजींनी त्या मुलीला खुर्ची दिली आणि पहिला प्रश्न विचारला, "तुम्ही इथे राहणार आहात, की नुसते विकत घेणार आहात?" ती म्हणाली, "राहणार." मग आजी उठल्या आणि गल्लीतले कोणते घर हिवाळ्यात उबदार राहते, कोणत्या तळघरात पाणी येते, ते बोटाने एकेक दाखवू लागल्या.